नोकरीसाठी एकटीने / एकट्याने परदेशात गेलात, तो पहिला आठवडा आठवतोय का?

कृष्णाकाठची
काल ताईकडे साताऱ्याला भाचीची बॅग भरली. हॉलमध्ये वजनकाटा मांडलेला, तेवीस किलोच्या वर गेलं की एक डबा बाहेर, मग परत वजन, परत दुसरा डबा आत, रात्री बारापर्यंत हेच. तिला म्युनिकला नोकरी लागलीय, एकटीच चाललीय. ताई भाजणीची पिशवी हातात घेऊन उभी आणि ही म्हणतेय "आई, तिकडे सगळं मिळतं गं". मला एकदम २००८ चा ऑक्टोबर आठवला, रात्रभर झोपच नाही आली, म्हणून लिहायला बसले.

मी पुण्याहून स्टुटगार्टला गेले होते, ऑटोमोबाईलमधली नोकरी. फ्रँकफर्टला उतरून ट्रेनने पुढे. शनिवारी रात्री पोचले. कंपनीने पहिले दोन महिने एक छोटा फ्लॅट दिला होता, किल्ली खालच्या मजल्यावरच्या आजींकडे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, माझं जर्मन पुण्यात क्लासला शिकलेलं, आणि त्या बोलत होत्या श्वेबिश, म्हणजे तिकडची बोली. एक शब्द कळेना. किल्ली घेतली आणि झोपले.

रविवारी सकाळी दूध-ब्रेड आणायला बाहेर पडले तर सगळं बंद. एक दुकान नाही, रस्त्यावर माणूस नाही. मला वाटलं काहीतरी झालंय, संप किंवा दंगल. जर्मनीत रविवारी दुकानं कायद्यानेच बंद असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मोठ्या स्टेशनवर किंवा पेट्रोल पंपावर खायला मिळतं हे पण नंतर कळलं. अर्धा तास चालून परत आले. बॅगेत आईची भाजणी होती. घरात तवा होता, आधीच्या कुणीतरी ठेवलेलं थोडं तेल होतं, पण मीठ नव्हतं. भाजणीत मीठ घालत नाहीत ना. अळणी थालीपीठ कसं खायचं, म्हणून वाटी घेऊन खाली गेले. "झाल्त्स" एवढा एकच शब्द म्हणाले. आजींनी वाटीभर मीठ दिलं आणि माझ्या तोंडाकडे बघून मागोमाग जिना चढून वर आल्या. चुलीपाशी उभं राहून अर्धं थालीपीठ खाल्लं त्यांनी. कांदा नव्हता, काही नव्हतं, नुसती भाजणी, मीठ आणि पाणी. मग खाली जाऊन स्वतः केलेल्या जॅमची बाटली घेऊन आल्या. मी तेव्हा रडले, घर सोडल्यापासून पहिल्यांदा.

दोन आठवड्यांनी संध्याकाळी घरी आले तर माझ्या दाराला एक पाटी अडकवलेली. "केरवोखं". मला वाटलं झालं, कुणीतरी तक्रार केली, फोडणीचा वास शेजारी गेला असणार. पाटी घेऊन आजींकडे गेले तर त्यांनी हातात झाडूच दिला. त्या भागात ती रीत आहे, जिना झाडायची पाळी एकेका घराकडे येते आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लागते. पहिल्या वेळी त्या माझ्याबरोबर सगळा जिना झाडत खाली आल्या. पाटी लागली म्हणजे मी त्या इमारतीतली झाले, असं मला फार वाटलं तेव्हा, अजून वाटतं.

तुमचं लिहा ना. पगार, व्हिसा नको. पहिले चार-आठ दिवस कसे गेले ते हवंय. भाचीला वाचायला देणार आहे.

सोनचाफा
वाचलं. डोळ्यात पाणी आलं मिठाच्या वाटीला. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

गुहागरकर
ताई तुम्ही जॅमची बाटली म्हणालात आणि मला कॅसेट आठवली. मी १९९२ ला दुबईला गेलो, इलेक्ट्रिशियन म्हणून, वय २२. मुंबईसुद्धा तोपर्यंत दोनदाच बघितलेली. देऱ्यात, म्हणजे दुबईच्या जुन्या भागात, एका खोलीत आठ जण, बेडस्पेस म्हणतात, म्हणजे भाडं खोलीचं नाही तर खाटेचं. दोन खाटा एकावर एक, माझी वरची, पंख्याखाली. कंपनीने उतरल्या उतरल्या पासपोर्ट काढून घेतला, तेव्हा सगळीकडे तसंच चालायचं, पण त्या रात्री झोप नाही लागली, की आता आपल्याला परत जायचं झालं तर कुणाला विचारायचं. खोलीत एक मल्याळी चाचा होते, त्यांनी मला पहिल्या शुक्रवारी (तेव्हा सुट्टी शुक्रवारची, आता २०२२ पासून शनिवार-रविवार झालीय) अब्रात, म्हणजे छोट्या होडीत, बसवून खाडीपलीकडे बर दुबईला नेलं. तिथे गल्लीत जुनं मंदिर होतं, आत गेलो, घंटा ऐकली आणि पाय थरथरायला लागले.

फोन परवडायचा नाही, गावात फोन होता कुणाकडे. पत्राला पंधरा दिवस. आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती कॅसेट भरून पाठवायची, आमच्या गावचा कुणी येत असला की त्याच्याबरोबर. पहिली कॅसेट आली तेव्हा आठही जण बसले ऐकायला. आई बोलायची थोडंच. "जेवतोस ना, अंग दुखतं का, गायीला पाडा झालाय". मग शब्द सुचले नाहीत की गप्प बसायची पण टेप चालूच. त्यात मागे कोंबडा आरवतोय, ओटीवर कुणीतरी खोकतंय, पाऊस पन्हळीवर पडतोय. चाचांना मराठी येत नाही पण पावसाचा आवाज आला की म्हणायचे परत लाव. ती कॅसेट झिजून गेली. आई २०११ ला गेली. एक कॅसेट आहे अजून, मुलाने मोबाईलवर घेऊन दिली.

पारिजात
गुहागरकर 🙏🙏 काय लिहू

मिरजेची_नर्स
नाईट संपवून बसमध्ये लिहितेय, चुका समजून घ्या. जानेवारी २०२२ ला डर्बीला आले, इंग्लंड. इथे येऊन ऑस्की म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते, दहा स्टेशन असतात, ती पास होऊन पिन, म्हणजे नर्स म्हणून नोंदणीचा नंबर, मिळेपर्यंत तुम्ही नर्स म्हणून काम नाही करू शकत, पगार पण खालच्या बँडचा. मिरजेत माझा आठ वर्षांचा आयसीयूचा अनुभव आणि इथे पहिले दोन महिने मी बेड बदलायचे आणि चहा द्यायचे. चहा देण्यात कमीपणा नाही, पण हात शिवशिवतात हो, समोर पेशंटचं बीपी पडताना दिसतंय आणि आपण फक्त सांगायचं.

भाषेचं म्हणाल तर ओईटी (इंग्रजीची परीक्षा) चांगल्या मार्कांनी पास होते तरी पहिल्या दिवशी एक आजोबा म्हणाले "एअप मी डक". मी नुसती बघत राहिले. त्या भागात सगळ्यांना प्रेमाने डक म्हणतात, आपण बाळा म्हणतो तसं. दुसऱ्या आजी म्हणाल्या मला "स्पेंड अ पेनी" करायचंय, म्हणजे टॉयलेटला जायचंय, हे शेजारच्या हेल्थकेअर असिस्टंटने सांगितलं म्हणून कळलं. तिने मग मला एका कागदावर असे वीस-पंचवीस शब्द लिहून दिले. तो कागद मी आता नवीन येणाऱ्या मुलींना झेरॉक्स करून देते.

नॉर्थॅम्प्टनला ऑस्कीला गेले त्या दिवशी पहाटे आईचा मिस्ड कॉल, तिला वाटलं मी उठले नसेन. इकडे चार वाजलेले, मी तीनपासून जागी होते.

स्टॉप आला. बाय

सोनचाफा
मिरजेची, ते कागदावरचे शब्द इथे टाका ना कधीतरी!

अवनी२५
कृष्णाकाठचीताई, भाजणी एअरपोर्टवर अडवत नाहीत का? मी पुढच्या महिन्यात बर्लिनला चाललेय, एकटीच. आई लाडू, तूप सगळं भरतेय. घर अजून मिळालेलं नाही. तीन आठवड्यांचं हॉटेलसारखं काहीतरी घेतलंय. खरं सांगायचं तर खूप भीती वाटतेय आणि घरी सांगता येत नाही.

मेलबर्नचा_दादूस
ऑस्ट्रेलियाचं सांगतो. विमानात कार्ड देतात त्यावर खाण्याचं काही आहे का विचारतात, तिथे डोळे झाकून हो वर खूण करायची. मी २०१३ ला उतरलो तेव्हा रांगेत माझ्यापुढच्या माणसाने सगळं लपवलेलं आणि त्याची बॅग उघडी पडली. मी सगळं सांगितलं, तर अधिकारी बाईंनी लोणचं, मेतकूट, चटण्या एकेक हातात घेऊन बघितल्या, वास घेतला, खव्याचे पेढे तेवढे ठेवून घेतले, बाकी जा म्हणाल्या. सांगितलंत तर दंड नाही, लपवलंत तर मोठा दंड. पेढे गेल्याचं दुःख मात्र बारा वर्षं झाली तरी आहे, कंदी पेढे होते

कृष्णाकाठची
@अवनी२५ अगं पहिलं म्हणजे भीती वाटते हे इथे लिहिलंस ते बरं केलंस. भाजणी चालते. पण दुधाचं आणि मांसाचं काही युरोपात बाहेरून नेता येत नाही, तूपसुद्धा त्यातच आलं, त्यामुळे तुपातले लाडू आईला नको म्हणून सांग, तिला वाईट वाटेल पण तिकडे टाकून द्यावे लागले तर जास्त वाईट वाटेल.

घराचं नीट ऐक. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, आनमेल्डुंग, आणि त्याला घरमालकाची सही असलेला कागद लागतो. म्हणून तात्पुरती जागा घेतानाच विचार की तो कागद देणार का. ती नोंद नसेल तर टॅक्सचा नंबर पोस्टाने येत नाही आणि मग पगारातून सगळ्यात जास्त दराने टॅक्स कापू शकतात, नंतर पैसे परत मिळतात, पण पहिल्याच महिन्यात हातात कमी आलं की जीव जातो. बर्लिनला अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, इथूनच बघायला लाग. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं. घर न बघता पैसे मागणाऱ्याला एक युरो द्यायचा नाही. आणि घर मिळालं की आत ओटा, सिंक काहीच नसेल, दिव्याच्या जागी नुसत्या वायरी लोंबत असतील, तर घाबरू नकोस, तिकडे आधीचा माणूस स्वयंपाकघर उचलून घेऊन जातो.

हो, आणि टीव्ही नसला तरी रेडिओ-टीव्हीच्या फीचं पत्र येतं, महिन्याला १८.३६ युरो. मला ते पत्र फसवणूक वाटलं होतं. खरं असतं ते.

मुसाफिर_९८
तुम्ही लोकं तरी बरीच माहिती घेऊन जाता. मी १९९८, न्यू जर्सी, वायटूकेची लाट, म्हणजे २००० साल येण्याआधी कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं. दादरच्या चाळीतून थेट. कंपनीच्या गेस्ट हाऊसमध्ये आम्ही सहा मुलं, प्रोजेक्ट मिळेपर्यंत बेंचवर, आणि बेंचवर पगार नाही हे उतरल्यावर सांगितलं. त्या कंपनीचं नाव घेत नाही पण राग आहे अजून, सहा घरांतली आईवडील बघत होते आमच्या पैशांची वाट. जानेवारी महिना. गाडी नाही, फूटपाथ नाही, किराणा आणायला हायवेच्या कडेने बर्फातून चालायचो एकामागे एक. एकदा पोलिसाची गाडी थांबली, वाटलं संपलं, तर त्याने मागे बसवून दुकानात सोडलं आणि परत न्यायला पण आला. क्रेडिट हिस्ट्री नाही म्हणून घर नाही, घर नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून बाकी काही नाही, असं ते चक्र. बँकेत पाचशे डॉलर अडकवून तेवढ्याच मर्यादेचं कार्ड घेतलं तेव्हा कुठे सुरुवात झाली. आमच्यातल्या नागपूरच्या एकाला वरणभात यायचा, त्याच्यावर सहा जण जगलो. आज त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आलीय म्हणून धागा उघडला खरं तर.

पारिजात
एडिसनच्या जवळ का? ओक ट्री रोड, आपल्या भारतीय दुकानांचा?

मुसाफिर_९८
हो, तिथून दहा मैल. रविवारी कुणाची गाडी मिळाली की ओक ट्रीला जाऊन भाज्या. तुम्ही कधी होता?

पारिजात
२००१ ते ०४. मेसेज करते, आमच्या ओळखीचे निघणार नक्की.

निप्पॉनकर
टोकियो, २०१५. पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी. एक, कचरा. कुठल्या वारी कुठला कचरा याचा वॉर्ड ऑफिसने दिलेला तक्ता फ्रीजवर लावला, तरी माझी पिशवी स्टिकर लावून तिथेच ठेवलेली मिळाली, चुकीचा वार. दोन, घर. रेकिन म्हणून एक रक्कम असते, ती घरमालकाला भेट म्हणून द्यायची, परत मिळत नाही. आणि जामीन लागतो. यूआर या सरकारी संस्थेच्या घरांना दोन्ही लागत नाही, नवीन माणसाने तिकडेच बघावं. निशी-कासाईला बरेच भारतीय आहेत, मी तिथेच राहिलो.
तीन, चौथ्या रात्री भूकंप. तिथल्या लोकांच्या हिशोबी छोटाच. मी किल्लारीच्या जवळचा. १९९३ ला सहा वर्षांचा होतो. जमीन हलल्यावर मी अनवाणी रस्त्यावर आलो. रस्त्यात कुणीच नाही, सगळ्या खिडक्यांत दिवे शांत. समोरच्या कोंबिनीतला (चोवीस तास उघडं असणारं छोटं दुकान) मुलगा बाहेर आला, मला आत घेऊन बसवलं, गरम चहाची बाटली दिली आणि काउंटरवर जाऊन आपलं काम करत राहिला. अधूनमधून बघायचा माझ्याकडे. पहाटे मी उठलो तेव्हा पैसे घेईना.

गुहागरकर
किल्लारी वाचलं आणि थांबलो. भाऊ, सांभाळून राहा.

निप्पॉनकर
आता पुण्यात आहे दादा. बरा आहे 🙂

सोनचाफा
मी स्वतः गेले नाही कुठे, मुलगी गेली, सिंगापूरला. अडीच तास पुढे आहे ते. पहिला महिना मी साडेपाचला उठून बसायचे, तिकडे आठ वाजलेत, ही आता निघाली असेल. चहा करायचे आणि दुसरा कप आपोआप काढायचे. एवढंच लिहायचं होतं. अवनी, तुझ्या आईला तूप भरू दे, नंतर हळूच काढ, पण भरू दे.

अवनी२५
सोनचाफा काकू 😭 आईला धागा वाचून दाखवला. तिने लाडू कमी केले. ती म्हणते मीठ घेतलंस का

कृष्णाकाठची
भाचीच्या भाजणीच्या पिशवीत मी काल मिठाची पुडी बांधून ठेवली. तिचं विमानपण शनिवारीच उतरतंय.

मेलबर्नचा_दादूस
तेल?

कृष्णाकाठची
छोटी बाटली. चेक-इनच्या बॅगेत, झाकणाला टेप लावून, दोन पिशव्यांत.