मदत हवी आहे: विंडोज १० सोडून लिनक्स मिंट (मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकायचंय, पण टॅली आणि प्रिंटरचं काय?

रंकाळ्याकाठी
घरचा डेस्कटॉप: आय३-४१३०, एच८१ बोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ या प्रोसेसरला धरत नाही. राजारामपुरीतला दुकानदार म्हणतोय, मशीनच बदला. कामं: दुकानाची टॅली, जीएसटी रिटर्न, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधली जुनी पत्रं, एचपी लेझरजेट १०२० प्लस प्रिंटर. सगळं पुसून मिंट टाकू की ड्युअल बूट (एकाच मशीनवर दोन्ही सिस्टीम) करू? लाईटचा भरवसा नाही, यूपीएसही नाही.

उद्यमनगरी
मशीन बदलू नका राव, आणि हार्डडिस्कलाही हात लावू नका. २४० जीबीची साटा एसएसडी आणि एक साटा केबल घ्या. एच८१ वर चारपैकी दोनच पोर्ट ६ जीबीपीएसचे असतात, एसएसडी त्यातल्याच एकात लावा.

मिंट टाकताना हार्डडिस्कची केबल काढून ठेवा. हे महत्त्वाचं. एकच डिस्क दिसली की 'इरेज डिस्क' बिनधास्त दाबता येतं आणि बूटलोडर (चालू करताना सिस्टीम उठवणारा छोटा प्रोग्रॅम) चुकून विंडोजच्या डिस्कवर जात नाही. मध्येच लाईट गेली तर पुन्हा पहिल्यापासून, एवढंच. डेटा जागच्या जागी. नंतर केबल जोडा आणि चालू करताना बूट मेनूतून डिस्क निवडा: गिगाबाइटला एफ१२, असूसला एफ८. तुमचं विंडोज जुन्या लेगसी पद्धतीचं असेल तर यूईएफआय या नव्या पद्धतीने बसलेल्या मिंटच्या मेनूतून ते उठणार नाही, पण या पद्धतीत तो प्रश्नच येत नाही.

मिंट २२ ची एक्सएफसीई (हलकी) आवृत्ती घ्या, अपडेट २०२९ पर्यंत. ८ जीबीचा पेनड्राइव्ह रुफस या विंडोजवरच्या प्रोग्रॅमने बनवा; आयएसओ फाईल नुसती कॉपी करून बूट होत नाही.

रॅम आणखी ४ जीबी टाकाच, नाहीतर ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले की मशीन बसलं. फक्त ऑनलाइन स्वस्तात मिळणारी 'एएमडीसाठी' लिहिलेली डीडीआर३ पट्टी घेऊ नका, इंटेल बोर्डवर चालत नाही.

तांबडापांढरा
टॅली विंडोजमध्येच राहू दे, फक्त त्याचा सपोर्ट संपलाय, म्हणून तिकडे लॅनची (इंटरनेटची) केबल काढून बसा. रिटर्न मिंटच्या ब्राउझरमधून भरा. प्रोप्रायटरशिप असेल तर ओटीपीवर भागतं, डिजिटल सहीच्या डाँगलची भानगड नाही.

१०२० ची गंमत वेगळी आहे. त्या प्रिंटरमध्ये फर्मवेअर (प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्रॅम) कायमचं राहत नाही. दरवेळी चालू केला की कॉम्प्युटरने ते पाठवावं लागतं. म्हणून मिंटला प्रिंटर दिसतो, कागद मात्र हलत नाही. नेट चालू ठेवून टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) एचपी-प्लगइन (इंग्रजी छोट्या अक्षरांत, मध्ये आडवी रेघ) चालवा. पुढे कधी एचपीलिप (मिंटमधला एचपी प्रिंटरचा ड्रायव्हर) अपडेट झालं आणि छपाई बंद पडली, तर प्लगइनची आवृत्ती जुळत नाहीये समजा आणि तीच कमांड परत द्या.

श्रीलिपीची पत्रं नुसती बघायची तर त्याचे फाँट मिंटमध्ये टाका. नवं मराठी मात्र युनिकोडमध्येच: कीबोर्ड लेआउटमध्ये भारत निवडलं की मराठी कागपा (उच्चाराप्रमाणे टाइप करायचा कीबोर्ड) मिळेल.

रंकाळ्याकाठी
मिंट बसलं, प्रिंटही आली. दोन अडचणी: हार्डडिस्कवर काही सेव्ह होत नाही, 'रीड-ओन्ली' म्हणतंय. आणि विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे.

उद्यमनगरी
पहिलं फास्ट स्टार्टअपमुळे. विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं, म्हणून मिंट त्या डिस्कवर लिहायला घाबरतं. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'पॉवर बटणे काय करतात' तिथली फास्ट स्टार्टअपची टिक काढा आणि शटडाउन करा.

दुसरं: मिंट बोर्डच्या घड्याळात यूटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ) लिहितं, विंडोज तीच भारतीय वेळ धरतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ (timedatectl set-local-rtc 1) द्या, मग विंडोजमध्ये वेळ एकदा सिंक करा. त्या वेळेपुरती लॅन जोडा, परत काढा.