शब्दचर्चा : ‘घरखर्च वजा जाता उत्पन्न’ चालेल का?

रेघोटी : ब्रिटनच्या सरकारी आकडेवारीतला अल्प उत्पन्नाचा तक्ता मराठीत आणतेय. मुलं, कामाच्या वयातली माणसं आणि म्हातारी माणसं असे तीन गट आहेत. प्रत्येक गटाचे आकडे दोनदा येतात: राहत्या घराचा खर्च वजा करण्याआधी आणि वजा केल्यावर. मी ‘घरखर्च वजा जाता’ लिहिलं, ते संपादकांनी कापलं. घरखर्च म्हणजे किराणा, दूध, भाजी, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी सुचवलेला ‘निवासखर्च’ मला लॉजच्या बिलावरचा वाटतो. दुसरं काही सुचतंय का?

माजघर : संपादक बरोबर आहेत. राहत्या घराच्या खर्चात काय धरतात ते आधी बघा: पूर्ण भाडं, गृहकर्जावरचं व्याज, पाणीपट्टी, इमारतीचा विमा, सोसायटीच्या मेंटेनन्ससारखे आकार. ‘कर्जाचा हप्ता’ असं चुकूनही लिहू नका. हप्त्यातलं मुद्दल वजा करत नाहीत. ‘घरपट्टी’ही नको. तिकडचा काउन्सिल टॅक्स प्राप्तिकराबरोबर आधीच वजा झालेला असतो, इथे पुन्हा लिहिलात तर वाचक तो दोनदा मोजेल.

आणि दोन रकाने का, हे तळटीपेत द्याच. भाड्यासाठी मिळणारं सरकारी साहाय्य उत्पन्नात धरलं जातं. भाडं वाढलं आणि साहाय्यही तेवढंच वाढलं, तर हाती एक पैसा जास्त न येता पहिल्या रकान्यात ते घर सुखवस्तू होत जातं. दुसऱ्या रकान्यात ही सूज उतरते.

टाचण : वयोगटांचं चित्रही तिथेच बदलतं. तिकडे बऱ्याच म्हाताऱ्यांचं घर स्वतःचं आणि कर्ज फिटलेलं असतं, तर लहान मुलं असलेली जोडपी भाडं नाहीतर व्याज भरत असतात. २०२२-२३ मध्ये खर्च वजा केल्यावर मुलांतले सुमारे ३० टक्के अल्प उत्पन्नाच्या रेषेखाली होते, म्हाताऱ्यांतले सुमारे १६ टक्के.

रेघोटी, तिसऱ्या गटाला काय म्हटलंयत? ‘निवृत्तिवेतनधारक’ असेल तर आत्ताच खोडा. तो गट पेन्शन मिळते का यावर ठरत नाही, सरकारी पेन्शनचं वय उलटलं का यावर ठरतो. ते वय तेव्हा ६६ होतं. सत्तरीतही दुकान चालवणारा माणूस याच गटात.

रेघोटी : ‘ज्येष्ठ नागरिक’ लिहिलंय.

टाचण : आपल्याकडे प्राप्तिकराला ज्येष्ठ ६० ला, एसटीच्या अर्ध्या तिकिटाला ६५ ला. वाचक आपापलं वय घालून वाचणार. सरळ ‘६६ व त्यापुढील’ लिहा.

उंबरठा : तक्त्यातल्या ‘कौटुंबिक उत्पन्न’ या शब्दाला कुणाचीच हरकत नाही? तिथलं एकक कुटुंब नाही. एका पत्त्यावर राहून स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली सामाईक वापरणारी माणसं, नातं असो नसो, एकत्र मोजतात. आपल्या नमुना पाहणीतही एका चुलीवर जेवणारे ते एक एकक. ‘चूल’ हाच खरा मराठी शब्द. ‘कुटुंब’ तर जुन्या बोलण्यात बायकोलाच म्हणत.

माजघर : ‘चूलनिहाय उत्पन्न’? छापून बघा, लोक गॅसची सबसिडी समजतील. जनगणनेच्या मराठीत ‘कुटुंब’ रुळलाय, तोच राहू द्या.

उंबरठा : रुळलाय म्हणूनच घोळ होतो. संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० पर्यंत असावं लागतं. तिथे कुटुंब कुणाचं, यावर म्हातारीचा अर्ज अडतो.

गुणाकार : शब्द कुठलाही घ्या, पण ‘दरडोई’ कुठेही घुसू देऊ नका. हे ‘समतुल्य उत्पन्न’ आहे, म्हणजे घराचं उत्पन्न नुसत्या डोक्यांनी नव्हे, प्रत्येकाला दिलेल्या भारांच्या बेरजेने भागलेलं. युरोपात चालणारी मोजपट्टी अशी: पहिल्या प्रौढाला १, पुढच्या प्रत्येक प्रौढाला ०.५, १४ वर्षांखालच्या मुलाला ०.३. ब्रिटनमध्ये घराचा खर्च वजा करण्याआधीच्या रकान्याला हेच प्रमाण, फक्त जोडप्याला १ धरतात; वजा केल्यावरच्या रकान्याची मोजपट्टी थोडी वेगळी.

रुपयांत करून बघा, आकडे मनचे आहेत. आई, बाबा, १० आणि १३ वर्षांच्या दोन मुली, महिना ४२,०००. शेजारी एकटी आजी, १४,०००. दरडोई केलं तर मुलींच्या वाट्याला १०,५०० आणि आजीला १४,०००, म्हणजे आजी बरी. समतुल्य केलं तर ४२,००० भागिले २.१ म्हणजे २०,०००. आजी १४,००० वरच. मध्यक उत्पन्न, म्हणजे सगळ्यांना उत्पन्नाच्या क्रमाने उभं केलं तर मधोमध येणाऱ्याचं, २५,००० असेल तर रेषा, म्हणजे त्याचे ६० टक्के, १५,००० ला येते. आजी रेषेखाली गेली, मुली वर राहिल्या. भागाकार बदलला की गरीब कोण, हेच उलटं होतं. मोठी मुलगी १४ ची झाली की भाजक २.३ होतो आणि तेच घर सुमारे १८,२६० वर उतरतं.

आणि ‘मध्यक’च लिहा. ‘सरासरी’ लिहिलंत तर वरच्या थोड्या श्रीमंतांमुळे रेषा भलतीकडे जाईल.

माजघर : आपल्याकडच्या तेंडुलकर समितीची दारिद्र्यरेषा तर दरडोईच आहे. २०११-१२ साठी ग्रामीण ८१६ आणि शहरी १,००० रुपये महिना, तीही खर्चावर, उत्पन्नावर नाही. तिथे तान्हं बाळ आणि आजोबा एकाच मापाने मोजले जातात.

उंबरठा : म्हणून ब्रिटनच्या तक्त्याला ‘दारिद्र्यरेषा’ म्हणणं मला पटत नाही. ‘अल्प उत्पन्न’ ठीक.

टाचण : ‘अल्प उत्पन्न’ तर त्याहून गोंधळाचं! म्हाडाच्या मुंबईतल्या सोडतीत अल्प उत्पन्न गट म्हणजे वर्षाला ६ ते ९ लाख. केशरी रेशनकार्ड १ लाखाला संपतं.

खडीसाखर : ‘गरिबी’ लिहा. बोलण्यातला शब्द आहे. दारिद्र्य म्हटलं की दरिद्रीपणाची शिवी ऐकू येते.

उंबरठा : ‘गरीब’ अरबी, मुळात अर्थ परका.

खडीसाखर : आणि ‘दरिद्र’ संस्कृत ‘द्रा’ म्हणजे पळणे, भटकणे यावरून. एक परका, एक वणवण फिरणारा. शुद्धीच्या नावाखाली एकाला हाकलून दुसऱ्याला आत घेण्याचं कारण मला तरी दिसत नाही.

रेघोटी : रकान्याच्या मथळ्यात दोनच शब्द मावतात. ‘भाडं-व्याज वजा’ चालेल?

माजघर : पाणीपट्टी राहिली.

गुणाकार : तळटीपेत टाका. पण त्याआधी १४ ची अट नीट लिहा: ‘१४ वर्षांपर्यंत’ नव्हे, ‘१४ पूर्ण होण्याआधी’. शिवाय मुलांचा गट याच वयाला संपत नाही. १६ खालचे सगळे त्यात येतात, आणि शाळेच्या पातळीचं शिक्षण चालू असलेले १९ पर्यंतचेही.