डिग्री नसली तर प्रोग्रामरचं करिअर होतं का?

टिळकवाडीकर
भाचा खानापूर तालुक्यातला, दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता पीयूसी, म्हणजे कर्नाटकातली बारावी, झाली. सीईटीची रँक अशी की सरकारी कोट्यातून कॉम्प्युटर सायन्स मिळणं अवघड. मॅनेजमेंट सीट घ्यायची तर भावोजींना शेत गहाण टाकावं लागेल. पोरगं म्हणतंय कॉलेजच नको, घरी बसून पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतो. बहिणीचं म्हणणं, मामानं समजूत काढावी. पण मला पोराचंच पटतंय. व्हीटीयू, म्हणजे इंजिनिअरिंगचं विश्वेश्वरय्या विद्यापीठ, १९९८ पासून आपल्याच बेळगावात आहे, आणि बी.ई. झालेली आपलीच पोरं बेंगळूरला जाऊन परत पैसे भरून फुलस्टॅकचा, म्हणजे वेबसाइटची पुढची-मागची दोन्ही बाजू बनवायचा, क्लास लावतात. मग मधली चार वर्षं कशासाठी? कंपनीला कोड पाहिजे, कागद नको.

उद्यमबाग
कागद नको हे कुणी सांगितलं तुम्हाला? मी इथल्या कारखानदारांना सॉफ्टवेअर करून देतो. माझ्याकडे एक स्वतः शिकलेला पोरगा होता. हुशार, कामाला वाघ. त्याला साखर कारखान्याचं एक काम दिलं : ऊस घालणाऱ्यांची यादी आणि काट्यावरच्या पावत्या जुळवायच्या. दोन्हीकडे २०-२० हजार ओळी. पठ्ठ्यानं पहिल्या यादीतला एकेक नंबर घेऊन दुसरी यादी वरपासून खालपर्यंत चाळायचा प्रोग्राम लिहिला. म्हणजे ४० कोटी वेळा ताडून बघणं! शंभर ओळींवर तपासलं तेव्हा झटक्यात उत्तर आलं, खऱ्या डेटावर मशीन बसलं. सभासद नंबरावर एक डिक्शनरी, म्हणजे नंबर दिला की थेट त्याची नोंद काढून देणारी रचना, बांधली असती तर ४० हजार टप्प्यांत उरकलं असतं. वर पैसे फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकडे अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, ठेवलेले. ०.१ आणि ०.२ ची बेरीज केली की पायथॉन सतराव्या दशांश स्थानी एक ४ चिकटवतो. असे कण साठले की बिलात पैशांचा फरक येतो, आणि शेतकरी पैशापैशाचा हिशेब विचारतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर्स असतं ते याचसाठी.

टिळकवाडीकर
असतं, पण येतं कुणाला? मागच्या वर्षांचे पेपर घोकायचे, लॅबचं जर्नल सीनियरचं उतरवायचं, झाला पास. तुमच्या त्या पोराला एका संध्याकाळी समजावलं असतं तर जन्मभर विसरला नसता. झोहो या सॉफ्टवेअर कंपनीवाले २००५ च्या सुमारापासून बारावी आणि डिप्लोमाची पोरं घेऊन स्वतः शिकवतात, कामाला लावतात. त्यांचं कुठं अडलंय?

उद्यमबाग
झोहोचे संस्थापक श्रीधर वेंबू स्वतः आयआयटी मद्रासचे, वर प्रिन्स्टनची पीएच.डी. आणि ती शाळा म्हणजे वर्ग, शिक्षक, वेळापत्रक सगळं आहे की. फी घ्यायच्या ऐवजी स्टायपेंड देतात एवढंच. तुमचा भाचा तिथं लागत असेल तर मीच गाडीत बसवून देतो. प्रश्न घरी बसून शिकणाऱ्याचा आहे.

निपाणी ते पुणे
दोघंही कोडचंच बोलायलाय. अहो, कोड बघायला माणूस बसलेलाच नसतो! बऱ्याच मोठ्या सर्व्हिस कंपन्यांच्या फॉर्मवर दहावी, बारावी, पदवी तिन्हीकडे ६० टक्के मागतात. पदवीचा रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकतच नाही, गिटहबवर ठेवलेला त्याचा कोड कोण उघडणार? पहिली नोकरी लागली की मग फारसं कुणी विचारत नाही, हे मान्य. पुढे अमेरिकेची वाट धरली तर परत तेच : एच-१बी या तिथल्या नोकरीच्या व्हिसाला पदवी किंवा तिच्या तोडीचं काही लागतं, आणि तिथं तीन वर्षांचा अनुभव म्हणजे कॉलेजचं एक वर्ष असा हिशेब धरतात. म्हणजे पदवी नसेल तर बारा वर्षं घासायची. जर्मनीनं नोव्हेंबर २०२३ पासून आयटीवाल्यांना दार किलकिलं केलंय, गेल्या सात वर्षांत तीन वर्षांचा अनुभव असला तर पदवीशिवाय ब्लू कार्ड, म्हणजे तिथं राहून नोकरी करायचा परवाना, मिळू शकतं. पण पगाराची अट आहेच, आणि तो अनुभव आधी कुणीतरी द्यायला हवा ना.

हिंडलग्याची वैनी
मामा, भाचा आहे म्हणून ही चर्चा चाललीय. भाची असती तर? बारावीनंतर पोरगी लॅपटॉप घेऊन घरी बसली की वर्षभरात स्थळं यायला लागतात. "शिकायलीय" म्हणून सांगितलं तर लोक विचारतात, कुठल्या कॉलेजात? आमच्या गल्लीतल्या पोरींना त्या चार वर्षांनीच वेळ मिळवून दिला. घरातलं कुणी मध्ये बोलायला आलं की "परीक्षा आहे" एवढं पुरायचं. तिथं काय शिकवलं ते राहू दे, दार लावून अभ्यासाला बसायचा हक्क मिळाला. पोराचंही थोडं तसंच आहे म्हणा. मराठी शाळेतनं आलेला, कन्नड जेमतेम, इंग्रजीत तोंड उघडायचं तर घाम फुटतो. घरात एकटा बसून व्हिडिओ बघणाऱ्याला सेमिनारला उभं कोण करणार? कोड येईल हो, पण मुलाखतीत स्वतः लिहिलेलं समजावून सांगता आलं पाहिजे. माझ्या भावाचं नेमकं तिथंच अडतं, अजून.

टिळकवाडीकर
वैनी, हे डोक्यात नव्हतं. पण हक्क मिळवायला शेत गहाण? हे काही पटत नाही बघा.

चिकोडी डिप्लोमा
मॅनेजमेंट सीट नाहीतर काहीच नाही, असं कुठं आहे? राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या कॉलेजात बीसीए करा. इंजिनिअरिंगच्या मॅनेजमेंट सीटपेक्षा पुष्कळ कमी पैशात होतं. अमेरिकेला तीन वर्षांची पदवी कमी पडेल, पण ती पुढची गोष्ट. मी दहावीनंतर डिप्लोमा केला आणि डीसीईटी ही डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा देऊन बी.ई. च्या थेट दुसऱ्या वर्षाला बसलो. वर्गात लिहिता हात माझाच होता, कारण डिप्लोमाला प्रोग्राम हातानं लिहून घ्यायचे.

उद्यमबाग
बीसीए चालेल. मॅनेजमेंट सीटसाठी जमीन अडकवा असं मीही म्हणणार नाही. पण "कागद नको" हे पोराच्या डोक्यात भरवू नका. शनिवारी त्याला माझ्याकडे पाठवा, ती काट्याची यादी अजून आहे, बघू किती वेळात जुळवतो.

टिळकवाडीकर
पाठवतो. पण जुळवली तर बहिणीला फोन तुम्ही करायचा.

हिंडलग्याची वैनी
आणि सीईटीची ऑप्शन एंट्री, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीची यादी, तोवर भरून ठेवा. बोलण्याच्या नादात तारीख जाईल.