आय ऑफ द बिहोल्डर हा जुना कॉम्प्युटर गेम परत खेळतोय, नकाशा हाताने काढू का टूल लावू?

सातरस्ता_८१:
मंडळी, ९६-९७ ला नव्या पेठेतल्या एका क्लासच्या ४८६ कॉम्प्युटरवर हा खेळायचो, रविवारी सर मशीन मोकळं द्यायचे आणि आम्ही चौघं एकेक कॅरेक्टर वाटून घ्यायचो, माझ्याकडं कायम क्लेरिक, म्हणजे मंत्र म्हणून बरं करणारा पुजारी. चौथ्या लेव्हलच्या विषारी कोळ्यांनी जो मार दिला तिथून पुढं कधी गेलोच नाही. आता सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या सुट्टीत डॉसबॉक्सवर (जुने डॉस गेम चालवायचं सॉफ्टवेअर) परत सुरू केलाय. गेममधल्या वॉटरडीप शहराच्या गटारात शिरलं आणि मागं दगड पडून वाट बंद झाली की अजून तसाच गोळा येतो पोटात. पण सगळ्या भिंती सारख्या, कुठून आलो तेच कळंना. ऑल-सीइंग आय म्हणून टूल आहे, बाजूला नकाशा दाखवतं. लावू का?

जुनाडॉस:
लाव की, कोण अडवतंय. आधी सेव्हचं बघ पण. १९९१ चा गेम, सेव्हला एकच जागा, विष चढलेलं असताना सेव्ह केलंस तर बसला अडकून. फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करत जा. क्लेरिकला स्लो पॉयझन हा विष थोपवायचा मंत्र घेऊन ठेव. आणि कोळ्यासमोर उभं राहून मारामारी नको, एक वार कर, बाजूच्या चौकोनात सरक, तो पुढं आला की वळून परत वार. मागच्या रांगेत तलवार देऊन उपयोग नाही, धनुष्य दे नाहीतर फेकायचे खंजीर.

पूर्वभागकर:
हाताने काढ राव. वडील चादरीची डिझाइनं काढायचे, जेकार्ड मागासाठी ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवायचा आणि त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. उरलेले कागद मी ह्याच गेमला वापरले, कारण हा पण चौकोनावरच चालतो, एक पाऊल एक घर, लेव्हल ३२ बाय ३२. एकदा वडिलांनी माझा नकाशा बघितला, गेमचं त्यांना काहीच माहीत नव्हतं, पण बोट ठेवून म्हणाले, इथं जागा का सुटलीय रे? जाऊन भिंत नीट बघितली तर दगडात बारीक बटण, आत खोली. टूलनं आयतं दाखवलं असतं तर माझी नजर तिथं थांबलीच नसती.

सातरस्ता_८१:
ग्राफची वही आणली. दुसरी लेव्हल परत फिरून काढली, एका कोपऱ्यात चार घरं मोकळी राहिलीत, चारी बाजूनं भिंत. जेवून बसतो.