पोलिसातल्या मुलीला ज्यूरीचं समन्स आलंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझी लेक लंडनमध्ये पोलीस कॉन्स्टेबल आहे. तिला क्राउन कोर्टात ज्यूरीवर बसण्याचं समन्स आलंय. इंग्लंड-वेल्समध्ये एप्रिल २००४ पर्यंत पोलिसांना ज्यूरीत घेतच नसत. आता घेतात, आणि नुसतं पोलीस असल्याच्या कारणावर सुटका मिळत नाही. तारीख फक्त एकदा पुढे ढकलता येते, तीही १२ महिन्यांच्या आत.

तिची जायची तयारी आहे. मला काळजी आरोपीला मिळणाऱ्या न्यायाची वाटते. २००७ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा ब्रिटनचं सर्वात वरचं कोर्ट तेच होतं) एकाची दोषसिद्धी रद्द केली, कारण पोलिसाचं खरं की आरोपीचं हाच वाद होता आणि ज्यूरीत एक पोलीस बसला होता. त्याच निकालात दुसऱ्या खटल्यात मात्र ज्यूरीचा प्रमुखच पोलीस असूनही शिक्षा कायम राहिली, कारण तिथे पोलिसांच्या साक्षीवर वादच नव्हता!

इथे ब्रिटनच्या पोलिसात किंवा कोर्टात काम करणारं कुणी आहे का? नोकरीचा उल्लेख उत्तराच्या फॉर्ममध्येच करावा, की पहिल्या दिवशी कोर्टात? तिच्या हद्दीबाहेरचं कोर्ट मागता येतं का? आणि त्या दिवसांत रात्रपाळीचं काय करतात? उत्तर लवकर पाठवायचंय, कृपया अनुभव सांगा.