'विश्वाला सुरुवात होती' की 'विश्वाची सुरुवात झाली'?

सायंतारा:
विज्ञानावरच्या एका पुस्तिकेचा मराठी अनुवाद करते आहे, शाळेच्या वरच्या वर्गातल्या मुलांसाठी. पहिल्या प्रकरणाचं शीर्षक मी 'विश्वाला सुरुवात होती का?' असं केलं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'विश्वाची उत्पत्ती झाली का?' असं लिहिलं. शेरा असा, की सुरुवात 'होते' किंवा 'झालेली असते', 'सुरुवात होती' असं मराठीत कुणी म्हणत नाही.
मला हे पटत नाही. रांगेला सुरुवात असते, शेवट असतो. तिथे 'रांगेची सुरुवात झाली' म्हटलं की अर्थच बदलतो. 'उत्पत्ती झाली' वाचलं की मुलांच्या डोळ्यांपुढे असं येणार: आधी काहीतरी होतं, मग एक घटना घडली, मग विश्व आलं. मूळ प्रश्न इतकाच आहे की मागे मागे जात राहिलो तर भूतकाळ कुठे संपतो का. काय ठेवावं?

जुनापुराणा:
मुळात 'सुरुवात' कशाला? अरबी 'शुरू'वरून फारसीच्या वाटेने आलेला शब्द. आपल्याकडे आरंभ, प्रारंभ, आदि असे एकाहून एक शब्द पडलेत. 'विश्वाला आदि आहे काय?' कसं नेमकं वाटतं! शिवाय त्याचा नकारही तयार आहे: अनादि. 'सुरुवात'चा असा एका शब्दात नकार करून दाखवा.

वाटाड्या:
व्युत्पत्तीच काढायची तर पुरती काढू. 'आरंभ'मधला 'रभ्' म्हणजे धरणं, हाती घेणं. आरंभ करायला कुणीतरी लागतो, म्हणून तर माणूस आरंभशूर असतो. कर्ता आहे की नाही हाच जिथे वाद, तिथे तुमचा शुद्ध शब्द उत्तर आधीच देऊन मोकळा होतो. 'सुरुवात' तसं काही सुचवत नाही. पिढ्यानपिढ्या घरात बोलला जाणारा शब्द परका कसा?

अभ्रिका:
शब्द निवडण्याआधी आपल्याला नक्की काय कळलंय ते मांडते, कारण क्रियापद त्यावरच ठरेल.
१९२९ मध्ये हबलने दाखवलं की दूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब जातायत, आणि जितकी दूर तितकी जास्त वेगाने. लमेत्रने आइन्स्टाइनच्या समीकरणांतून १९२७ मध्येच प्रसरणाचा निष्कर्ष काढला होता, पण तो फारसा कुणाच्या वाचनात आला नव्हता. पुढे पेन्झियस आणि विल्सन या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांच्या अँटेनात एक खरखर येऊ लागली. अँटेना कुठेही वळवा, तितकीच. आत घरटं केलेली कबुतरं हाकलली, त्यांची घाण पुसून काढली, तरी ती जाईना. १९६५ मध्ये उलगडा झाला: विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना मोकळा झालेला प्रकाश, आता निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम २.७ अंशांपर्यंत निवलेला. तिसरा पुरावा हेलियमचा. साध्या द्रव्याच्या वस्तुमानात तो सुमारे एक चतुर्थांश आहे. एवढा हेलियम तारे बनवू शकत नाहीत. पहिल्या काही मिनिटांत सगळं विश्व एखाद्या ताऱ्याच्या गाभ्याहून तापलेलं होतं असं धरलं, तर आकडा बरोबर येतो.
या सगळ्यातून सिद्ध होतं ते इतकंच, की १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व अतिशय दाट आणि अतिशय गरम होतं. त्या अवस्थेची सुरुवात म्हणजेच विश्वाची सुरुवात, हे यातल्या एकाही निरीक्षणातून निघत नाही. पेनरोज आणि हॉकिंग यांनी १९७० मध्ये दाखवलं की काही गृहीतकं मानली तर आइन्स्टाइनचं गणित मागे जाताना एका टोकाशी तुटतंच. पण पहिल्या १०^-४३ सेकंदाच्या आत गुरुत्वाकर्षणाला पुंज सिद्धांत (अतिसूक्ष्म पातळीवरचे नियम) लागतो, आणि तो अजून कुणाच्या हाती नाही. गणित थांबतं. विश्वही तिथेच थांबतं का, हे माहीत नाही. म्हणून माझं मत 'होती का?' ठेवा. 'झाली' म्हटलं की जे ठाऊक नाही ते सांगून टाकल्यासारखं होतं.

कोऽहम्:
सगळा घोटाळा या दाट, गरम अवस्थेतून झालेल्या प्रसरणाला चिकटलेल्या 'महास्फोट' या शब्दाने केलाय. 'बिग बँग' हे नाव फ्रेड हॉइल यांनी १९४९ मध्ये रेडिओवरच्या भाषणात वापरलं आणि ते स्वतः त्या कल्पनेच्या विरोधात होते. बोंडी आणि गोल्ड यांच्याबरोबर त्यांनी आदल्याच वर्षी स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला होता, त्यात विश्वाला सुरुवातच नाही. विरोधकाने दिलेलं नाव आपण भाषांतर करून डोक्यावर घेतलं. स्फोट म्हटलं की एक मोकळी जागा, तिच्या मध्यभागी काहीतरी फुटतंय आणि तुकडे बाहेर उडतायत असं चित्र उभं राहतं. प्रत्यक्षात मध्य नाही, बाहेर नाही, जागाच ताणली जाते. 'महाप्रसरण' म्हणा.

जुनापुराणा:
'स्फोट'वर अन्याय होतोय. धातू 'स्फुट्', आणि त्याचा अर्थ उमलणं हाही आहे. त्यातूनच आपलं 'फुटणे' आलं. पालवी फुटते, पान्हा फुटतो, वाचा फुटते, वादाला तोंड फुटतं, तांबडं फुटतं. यात चिंधड्या कुठे आहेत? प्रत्येक ठिकाणी काहीतरी सुरू होतंय! व्याकरणकार भर्तृहरीचा 'स्फोट' म्हणजे शब्द ऐकताच अर्थ एकदम उजळणं. विश्वाच्या सुरुवातीला याहून योग्य शब्द मला दिसत नाही.

वाटाड्या:
फार सुंदर, पण हे कोशात. वाचणारं पोर रोजच्या बातम्यांतला 'स्फोट' ऐकत मोठं झालंय, ते तोच अर्थ घेणार. शब्दाला पूर्वी काय अर्थ होता त्यावर वापर चालत नाही. एवढं 'फुटणे' आवडत असेल तर सरळ 'फुटणे'च वापरा.

टिंबटिंब:
'आधी काय होतं?' या प्रश्नातला 'आधी' 'आदि'वरूनच आलाय, असं आमचे मराठीचे सर सांगायचे. म्हणजे 'आदीच्या आधी' हा प्रश्न मुळातच स्वतःला छेद देणारा. दुसरं, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त (१०.१२९) कुणी काढलं कसं नाही? तेव्हा असत् नव्हतं आणि सत्‌ही नव्हतं, असं सुरू होतं आणि शेवटी ही सृष्टी कुठून झाली हे वरून पाहणाऱ्यालाच ठाऊक, किंवा त्यालाही ठाऊक नसेल, इथवर येतं. आपल्याकडे हे सगळं होतंच.

कोऽहम्:
'आधी' आणि 'आदि' एका मुळाचे असले तरी अर्थ केव्हाच वेगळे झालेत. 'जेवणाच्या आधी' म्हणताना कुणाच्या मनात 'आदि' नसतो. व्युत्पत्तीने प्रश्न चूक ठरत नाही. तो चूक ठरवायचा तर भौतिकशास्त्रातून ठरवावा लागेल. हार्टल आणि हॉकिंग यांनी १९८३ मध्ये तेच करून पाहिलं: काळाला कडाच नाही, त्यामुळे 'त्याआधी' विचारणं म्हणजे दक्षिण ध्रुवाच्या दक्षिणेला काय, असं विचारणं. तोही प्रस्तावच आहे, सिद्ध झालेला नाही.

अभ्रिका:
सूक्त मलाही फार प्रिय आहे, ते प्रश्न उघडा ठेवतं म्हणून. पण 'आपल्याकडे होतंच' हे मान्य नाही. विचारणं आणि तपासता येणं यात अंतर आहे. ३ लाख ८० हजार वर्षांच्या अलीकडचंच प्रकाशाने दिसतं, त्यापलीकडे धुकं. न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण साधारण पहिल्या सेकंदाला मोकळे झाले, पण ते आजवर थेट कुणाला पकडता आलेले नाहीत. त्याहून मागचं सांगू शकतील त्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे तरंग. २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणीने त्यांची खूण सापडल्याचं जाहीर केलं. पुढे कळलं की ती खूण आपल्याच दीर्घिकेतल्या धुळीतूनही येऊ शकते, आणि दावा टिकला नाही. कळायचं तर असं, मोजमाप करून, खोडून काढून.
आणि मराठी वाचकांसाठी लिहिताना जयंत नारळीकरांना वगळू नका. हॉइल आणि बर्बिज यांच्यासह त्यांनी १९९३ मध्ये जवळपास स्थिर विश्वाची कल्पना मांडली. त्यात छोटे छोटे निर्मितीचे प्रसंग आहेत, पण सगळ्या विश्वाला एकच आरंभ नाही. बहुतेक शास्त्रज्ञांना ती पटली नाही, मलाही पुराव्यावरून पटत नाही. पण 'सुरुवात झाली' हे गृहीत धरू नका, असा आग्रह त्यांनी आयुष्यभर धरला आणि त्याबद्दल मला फार आदर आहे.

जुनापुराणा:
अभ्रिकाताई, तुम्ही 'एकच आरंभ' लिहिलंत हे नोंदवून ठेवतो.

सायंतारा:
विषय पांगतोय, पण मुद्दा चांगला निघालाय. मराठीत या शास्त्राला 'विश्वस्थितिशास्त्र' आणि 'विश्वोत्पत्तिशास्त्र' अशी दोन नावं आहेत. म्हणजे परिभाषा करणाऱ्यांनी 'असणं' आणि 'होणं' वेगळं ठेवलंच होतं. बाईंना हे दाखवते. पण 'सुरुवात होती' हे कानाला खटकतं का, याचं उत्तर अजून कुणीच दिलेलं नाही.

वाटाड्या:
मला नाही खटकत. 'त्या गोष्टीला सुरुवात होती, शेवट नव्हता' असं आपण सहज म्हणतो.

कोऽहम्:
मला खटकतं. कथेला सुरुवात असते, कारण कथा पुढ्यात अख्खी असते. विश्व अख्खं पुढ्यात कुणाच्या आहे?

अभ्रिका:
आणखी एक पेच. स्टाइनहार्ट आणि ट्युरॉक यांनी २००२ मध्ये चक्राकार विश्व मांडलं: आपला गरम टप्पा अनेकांतला एक. ते खरं निघालं तर 'होती'ही नाही आणि 'झाली'ही नाही. 'सुरुवात होत असते' म्हणावं लागेल.

जुनापुराणा:
त्यासाठी आपल्याकडे 'कल्प' तयार आहे. प्रत्येक टप्प्याला 'कल्पारंभ' म्हणा.

वाटाड्या:
'कल्प' नको. त्याला ४३२ कोटी वर्षांचा हिशेब चिकटलेला आहे, आणि नुसता आपला हा टप्पाच १३८० कोटींचा झालाय. मुलं भागाकार करत बसतील. आणि 'आरंभ' पुन्हा आणलातच.