दाढ काढताना नुसती भूल, गुंगी की पूर्ण झोप? अनुभव सांगा

पेठेतली सून

डाव्या बाजूची खालची अक्कलदाढ आडवी आहे. ओपीजी (अख्ख्या जबड्याचा एक्स-रे) काढला, त्यात ती पुढच्या दाढेला टेकून पडलेली दिसते, कोल्हापूरच्या केएमटी बसमध्ये शेजारच्याच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेल्या माणसासारखी. राजारामपुरीतल्या सर्जननी तीन मार्ग सांगितले. एक, जागेपुरती भूल. दुसरा, तीच भूल आणि वर शिरेतून गुंगीचं औषध. तिसरा, दाखल होऊन पूर्ण भूल. "तुमच्या केसमध्ये तिन्ही चालतील, तुम्ही ठरवा," म्हणाले. भाजी घ्यायची असती तर ठरवलं असतं ओ.

माझं दुखणं जुनं आहे. सहावीत असताना गाल टम्म सुजलेला, तशातच दाढ काढली. इंजेक्शन दोनदा दिलं तरी सगळं कळलं. बाबांनी डोकं धरून ठेवलं होतं. दोन सिझर झाली, तिथं घाबरले नाही. दातांच्या खुर्चीत मात्र अजून हाताला घाम फुटतो.

ज्यांनी यातलं काही करून घेतलंय त्यांनी सविस्तर लिहा. काय कळतं, काय कळत नाही, घरी कसं गेलात. 'काही होत नाही' एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या, ते सासूबाई रोज सांगतात.

उद्यमनगरी

माझी गेल्या पावसाळ्यात नुसत्या भुलीवर काढली. इंजेक्शनची कळ लागते, खोटं कशाला बोलू. मग पाच-सात मिनिटांत अर्धा ओठ आणि अर्धी जीभ गायब. डॉक्टरांनी टोकदार काहीतरी हिरडीत खुपसून विचारलं, टोचतंय का? म्हटलं, काय टोचताय तेच कळंना.

आमचं आयुष्य लेथवर गेलं, त्यामुळं मला ते काम ओळखीचं वाटलं. जाम बसलेला बुश अख्खा निघत नाही, कापून दोन तुकड्यांत काढावा लागतो. इथं पण तसंच. बारीक बर (दात कापायचं ड्रिल) फिरतोय, वर पाण्याची धार चालूच, नाहीतर हाड तापणार. दुखत नाही, पण दाबलेलं, ढकललेलं सगळं कळतं. आणि आवाज! दाढ फुटल्याचा 'कट्ट' बाहेरून नाही, कवटीच्या आतून येतो. आवाजाला भूल नसते, हे आधी कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. पुढच्या वेळी कानात गाणी लावून जाणार.

चाळीस मिनिटांत मोकळा. ओठ मात्र चार तास माझा नव्हता. हुशारी करून चहा घेतला, निम्मा शर्टावर.

दूधकट्टा

मी गुंगीवाला. मनगटाजवळ सुई लावली, मिडॅझोलॅम का काय ते दिलं. डॉक्टर म्हणाले, शाळा कुठली तुमची? मी 'प्रायव्हेट' म्हणालो, आमच्या शाळेचं नावच ते. त्यानंतरचं मला आठवतं ते थेट दसरा चौकात, रिक्षात, तोंडात कापूस आणि शेजारी बायको. मधला तासभर गायब.

बायको सांगते, मी झोपलो नव्हतोच. आ करा म्हटलं की आ करत होतो, विचारलेल्याला उत्तर देत होतो, आणि डॉक्टरांना त्यांची मोटर विकणार का म्हणून विचारलं. मला यातलं शून्य आठवतं.

दोन गोष्टी. गुंगी दिली तरी हिरडीत इंजेक्शन देतातच, फक्त त्याची आठवण राहत नाही. आणि सूज, दुखणं, पातळ भात सगळं उद्यमनगरीसारखंच, त्यात सूट नाही. चोवीस तास गाडी चालवायची नाही, कुठल्या कागदावर सही करायची नाही असं बजावलं होतं. मी सही नाही केली. पण संध्याकाळी मेव्हण्याचा फोन आला आणि त्याच्या लग्नसराईला माझी जीप आठ दिवस देतो म्हणून शब्द दिला. सही करू नका म्हणतात, शब्द देऊ नका असं पण छापायला पाहिजे.

गडहिंग्लजची आई

मोठ्यांना पूर्ण भूल कशी वाटते ठाऊक नाही, मी मुलाचं सांगते. साडेचार वर्षांचा, सहा दुधाचे दात किडलेले, खुर्चीत मिनिटभर थांबेना. सगळे एकदम काढायचे-भरायचे म्हणून कोल्हापुरात दाखल केला. आधी रक्ततपासणी, भूलतज्ज्ञांची भेट. सहा तास पोटात घट्ट काही नको, दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालेल, असं लिहून दिलं.

पहाटे पाचला आमच्या सासूबाईंनी "लेकरू उपाशी कसं राहील" म्हणून दोन बिस्किटं दुधात बुडवून चारली. कुणाला सांगितलं नाही. सात वाजता भूलतज्ज्ञ मॅडमनी आम्हाला काही विचारलंच नाही, पोरासमोर उकिडवं बसून विचारलं, "आज सकाळी काय खाऊ खाल्लास रे?" त्यानं अभिमानानं सांगितलं. ऑपरेशन रद्द. भुलीत पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जाऊ शकतं, म्हणून त्या अजिबात बधल्या नाहीत. तेव्हा राग आला होता, आता त्यांच्या पाया पडावंसं वाटतं.

आठवड्यानं नीट झालं. नळी नाकातून घातली होती म्हणून नाकातून थोडं रक्त आलं, घसा दोन दिवस धरलेला. जागा होताना अर्धा तास नुसता आक्रोश, मला ओळखत नव्हता. ते मात्र बघवत नाही. संध्याकाळी आईस्क्रीम मागितलं.

बावडेकर

नोकरीला पुण्यात असताना नाकावर मास्क लावून लाफिंग गॅस घेतला होता. हसू बिसू काही आलं नाही, हातपाय कापसाचे झाले इतकंच. शेवटी नुसता ऑक्सिजन दिला, दहा मिनिटांत ताळ्यावर. मध्यम भित्र्यांसाठी बरं.

नाव नको

गोड लिहिणारे खूप झाले म्हणून हे. एका दवाखान्यात (नाव लिहिणार नाही, विचारू नका) "झोपवून काढतो, काही कळणार नाही" असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात एक गोळी दिली, बोटाला ना क्लिप ना काही. मी टक्क जागी. बिलात 'सिडेशन' वेगळं लावलेलं. भांडल्यावर कमी केलं. वर खालचा ओठ दोन महिने मुंग्या आल्यासारखा होता. तो हळूहळू सुधारला, पण असं होऊ शकतं हे आधी कुणी बोललं नव्हतं. गुंगी कोण देणार आणि लक्ष कोण ठेवणार, हे तोंडावर विचारा.

झोपवणारी

मी भूलतज्ज्ञ आहे, पेशंट म्हणून नाही, टेबलाच्या डोक्याकडून लिहिते. सगळ्यांचा एकच घोळ होतो. गुंगी भीतीवर आहे, भूल दुखण्यावर. गुंगीच्या औषधानं दात सुन्न होत नाही, म्हणून दूधकट्टा यांना दोन्ही दिलं.

पेठेतली सून, तुमच्या सहावीतल्या दाढेचं. पू धरलेल्या जागी ऊतक आम्लधर्मी होतं आणि लिग्नोकेन, म्हणजे भुलीचं औषध, नसेच्या आत पुरेसं शिरू शकत नाही. औषध कमी पडलं नाही, तुम्ही नाजूक नव्हता. वेळ चुकीची होती. आत्ता सूज नसेल तर तो प्रसंग तसाच पुन्हा घडायचं कारण नाही. इंजेक्शननंतर मिनिटभर छातीत धडधडलं तर घाबरू नका, औषधात ॲड्रेनलिन असतं. ओठाच्या बधिरतेचं खरं आहे: खालच्या दाढेच्या मुळांजवळून नस जाते, ओपीजीत ती किती जवळ आहे ते सर्जनना दाखवायला सांगा. गुंगी घेणार असाल तर घोरता का, वजन किती, रोज कुठल्या गोळ्या चालू, सगळं सांगा. आणि खोलीत ऑक्सिजन व बोटाला पल्स ऑक्सिमीटर आहे ना ते बघा.

जाता जाता: आमचा धंदाच मुळात दातवाल्यांनी सुरू केला. 1844 मध्ये होरेस वेल्स या दंतवैद्यानं नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली, आणि 16 ऑक्टोबर 1846 ला बोस्टनमध्ये ईथरचा जाहीर प्रयोग करणारा मॉर्टनही दंतवैद्यच.

कागलचा पाव्हणा

आमचे आबा, वय 72, हृदयात स्टेंट. दाढ काढायची म्हटल्यावर यांनी आपल्या मनानंच रक्त पातळ व्हायची गोळी बंद केली. सर्जननी झापलं, आमच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला, गोळी चालू ठेवूनच नुसत्या भुलीवर काढली, वर टाका घातला. गुंगी नको म्हणाले. काढताना आबा गप्प. तिसऱ्या दिवशी मात्र ठणका कानापर्यंत. खोड जाईना, तंबाखूचा मावा चालू केला होता गुपचूप. खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून गेलेली. लवंगाच्या वासाची पट्टी भरली तेव्हा झोपले.

पेठेतली सून

अकरा दिवसांनी लिहिते. नुसत्या भुलीवर काढली. झोपवणारी यांचं ते पुवाचं वाचून मी तासभर तशीच बसले होते. तीस वर्षं मला वाटत होतं माझ्यातच काहीतरी कमी आहे. सर्जनना सहावीची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, डावा हात वर केला की मी थांबणार, कुठंही असो.

दोनदा हात वर केला. पहिल्यांदा खरंच चमक आली, त्यांनी आणखी थोडं औषध टोचलं. दुसऱ्यांदा काही नव्हतं. थांबतात का ते बघायचं होतं. थांबले.

आवाजाचं उद्यमनगरी म्हणाले तसंच. तिसऱ्या दिवशी गाल सर्वांत जास्त सुजला, मग उतरला. सातव्या दिवशी टाके काढले.

दूधकट्टा

छान. तांबडा रस्सा कधी?

पेठेतली सून

अजून पांढऱ्यावर आहे, तोही कोमट. आणि तुमची जीप आली का परत?

दूधकट्टा

आली. डिझेल संपवून.